खारं वारं, मंडपातली लाईट आणि आपला स्टेज पियानो

गेल्या वर्षी जुलैमध्ये वेंगुर्ल्याला आमच्याकडे भजनाची प्रॅक्टिस चालू होती, गणपतीला दीडेक महिना होता, बाहेर धो धो पाऊस, आणि माझ्या स्टेज पियानोची (म्हणजे विजेवर चालणारा, कार्यक्रमाला उचलून नेता येणारा डिजिटल पियानो) मधली एक पट्टी अचानक ओरडायला लागली. म्हणजे बाकीच्या सगळ्या हळू दाबल्या की मऊ वाजतायत आणि ही एकटी कितीही हळू दाबा, ठणकन वाजणार. बुवा पेटीवर होते ते थांबले, म्हणाले, "अगो, तो सूर तेवढो कित्या बोंबलता?" दोन दिवसांनी तिच्या शेजारची पट्टी मुकीच झाली. जिथून घेतला तिथे फोन केला तर उत्तर आलं की डिजिटलला मेंटेनन्स नसतो, बिघडला की नवीन घ्यायचा.

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता राग येतो. ट्यूनिंगवाल्याला बोलवावं लागत नाही एवढंच खरं आहे त्यात. पण ज्यांच्या खिडकीतून समुद्राचा आवाज येतो त्यांच्याकडे हा पियानो सांभाळावा लागतो, आणि सांभाळायचा कसा हे कळायला आधी तो आतून कसा चालतो ते कळलं पाहिजे, ते एकदा कळलं की बाकीची काळजी आपोआप सुचते. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

खऱ्या पियानोत, म्हणजे साधारण १७०० च्या सुमारास इटलीत फ्लोरेन्सला क्रिस्तोफोरीने जो बनवला त्यात, पट्टी दाबली की लाकडी हातोडी तारेवर आपटते. जोरात दाबली तर जोरात आपटते, हळू दाबली तर हळू. पियानो म्हणजे इटालियनमध्ये हळू आणि फोर्ते म्हणजे मोठ्याने, त्या वाद्याचं नावच त्यावरून पडलं. आपल्या स्टेज पियानोत तार नाही. ८८ पट्ट्या आहेत, ५२ पांढऱ्या ३६ काळ्या, दाबताना जड लागावं म्हणून आत हातोडीसारखं वजन पण आहे (डावीकडच्या पट्ट्या जड, उजवीकडे जाल तशा हलक्या, खऱ्या पियानोसारखंच), पण आवाज त्या वजनातून येत नाही. बहुतेक मॉडेलमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते, टीव्हीच्या रिमोटच्या बटणाखाली असते ना तशीच, आणि त्या टोपीत कार्बनचे दोन काळे ठिपके. पट्टी खाली जाताना एक ठिपका आधी टेकतो, दुसरा जराशाने. मशीन फक्त ह्या दोन टेकण्यांमधला वेळ मोजते. वेळ कमी म्हणजे बोट वेगात आलं म्हणजे मोठा आवाज, वेळ जास्त म्हणजे हळू आवाज. तुमचा जोर ती मोजतच नाही, वेग मोजते. त्या वेगाला १ ते १२७ मधला एक आकडा देते, ही पद्धत १९८३ मध्ये मिडी नावाचं स्टँडर्ड आलं तेव्हापासूनची, वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून केलेलं, आणि अजून तेच चालू आहे. महागड्या मॉडेलमध्ये तिसरा सेन्सर पण असतो, त्यामुळे पट्टी पूर्ण वर न येता परत वाजवता येते.

आता माझ्या पट्टीचं काय झालं बघा. पहिल्या ठिपक्यावर घाण बसली, म्हणून तो लगेच टेकायच्या ऐवजी पट्टी बरीच खाली गेल्यावर टेकला, तोपर्यंत दुसऱ्याची पण वेळ झाली. दोघांमधला वेळ जवळजवळ शून्य. मशीनला वाटलं बाईंनी मुठीने मारलंय, दिला १२७. आणि शेजारच्या पट्टीचा दुसरा ठिपका टेकतच नव्हता, मग मशीनच्या लेखी पट्टी वाजलीच नाही. म्हणजे ओरडणारी पट्टी आणि मुकी पट्टी हे दोन वेगळे रोग नाहीत, एकाच घाणीची दोन तोंडं आहेत, आणि त्यासाठी अख्खा पियानो टाकून देणं म्हणजे पायात काटा रुतला म्हणून पाय कापण्यासारखं झालं.

हे घरबसल्या तपासता पण येतं. पियानोच्या मागे यूएसबीचं चौकोनी पोर्ट असतं ते फोनला ओटीजी लावून जोडायचं, मिडी मॉनिटर नावाचे फुकट अॅप मिळतात त्यातलं एक उघडायचं आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी सारख्याच हाताने दाबत जायचं. स्क्रीनवर प्रत्येक पट्टीचा नंबर आणि वेग दिसतो, मधला सा, म्हणजे पांढरी एक, ६० नंबरवर असतो (पेटीवाले पट्ट्या अशाच मोजतात, इंग्रजीतला सी म्हणजे पांढरी एक, त्याच्या लगेच उजवीकडची काळी म्हणजे काळी एक, आणि तसंच पुढे). सगळीकडे ५०-६० येतंय आणि मध्येच एक १२७ दिसला की तीच आजारी. मी दर वर्षी मे च्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये ही चाचणी करते आणि वहीत लिहून ठेवते, कुठली पट्टी बिघडत चाललीय ते कानाला कळायच्या आधी वहीत कळतं.

आता ही घाण येते कुठून. धूळ असतेच, पण आपल्याकडे मुख्य चोर आहे मीठ. लाटा फुटतात तेव्हा हवेत बारीक तुषार उडतात, पाणी वाळतं, मिठाचा कण हवेत राहतो आणि घरात येऊन बसतो. किनाऱ्याच्या अगदी लगत हे सगळ्यात जास्त, काहीशे मीटर आत गेलं की बरंच कमी होतं, म्हणून समुद्राकडच्या खिडकीखाली पियानो ठेवू नका, घरातल्या मागच्या खोलीत ठेवलात तरी फरक पडतो. आता ह्यातली महत्त्वाची गोष्ट. मीठ नुसतं कोरडं बसलं तर फारसं काही करत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते हेच. ते खारं पाणी वीज पण वाहून नेतं आणि धातू पण खातं. म्हणजे पियानोच्या आत सर्किटवर, जॅकमध्ये, स्क्रूवर, न दिसणारं खारं पाणी. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ८०-९० च्या घरात असते, म्हणजे चार महिने मीठ ओलंच.

त्यामुळे लढाई एवढीच आहे, पियानोच्या आसपासची हवा ७५ च्या खाली ठेवायची. छोटं डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता दाखवणारं मीटर, ऑनलाइन दोनतीनशे रुपयात मिळतं, ते घ्याच, अंदाजाने काही कळत नाही. माझ्या आईकडे कपाटात ४० चा बल्ब लावून ठेवायची पद्धत होती, रेशमी साड्यांना बुरशी धरू नये म्हणून, कोकणात बऱ्याच घरांत असेल. त्यामागे पक्कं शास्त्र आहे. गरम हवेत पाणी धरून ठेवायची ताकद जास्त असते, त्यामुळे पाणी तेवढंच राहिलं तरी टक्केवारी उतरते. २७ डिग्रीची ९० टक्केवाली हवा नुसती ३२ डिग्रीपर्यंत गरम केली तर ती ६७-६८ टक्क्यांवर येते. पाच डिग्रीत आपण ७५ च्या खाली! म्हणून मी पियानो एका लाकडी खोक्यात ठेवते, सुताराकडून करून घेतलंय, समोर झडप, आणि पावसाळ्यात आत खालच्या कोपऱ्यात जाळीच्या आड एक बल्ब लावते, पियानोपासून हातभर लांब, कापड किंवा प्लास्टिक जवळ नाही हे बघून. एलईडी बल्बचा इथे उपयोग नाही, उष्णता द्यायची आहे, जुना पिवळा बल्बच लागतो.

खोका करणं शक्य नसेल तर चेनची जाड बॅग आणि आत सिलिका जेल. पण चिमूटभर पुड्या टाकून भागत नाही, अर्धा किलोच्या वर घ्या, कापडी पिशव्यांत भरा. निळे दाणे पाणी प्यायले की गुलाबी होतात, मग मंद आचेवर परतले की परत निळे. त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवा, स्वयंपाकाची वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं ते पोटात जायला नको. तांदूळ घालू नका, बरेच जण सांगतात. तांदूळ फार काही ओढत नाहीत आणि वर किडे आणतात, किडे आले की त्यांच्या मागे मुंग्या. आणि नुसतं पॉलिथिनचं कव्हर घट्ट बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, आत कोंडलेली ओल आतच राहते. रोजच्या वापरात वर जुनी सुती चादर किंवा धुवट साडी पुरते, धूळ पण अडते आणि पालीची घाण पण.

पियानो वापरात ठेवणं हे पण औषधच आहे. चालू असताना तो स्वतः थोडा गरम होतो, आतली ओल निघते. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी वाजवा, सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवा, भजनात आपण मधल्या तीन सप्तकांतच फिरतो आणि टोकाच्या पट्ट्या महिनोन्‌महिने हलत नाहीत, मग त्याच आधी मुक्या होतात. हेडफोनच्या, पेडलच्या, आउटपुटच्या जॅकमध्ये पिन पाचसहा वेळा आतबाहेर करा, आतल्या पत्र्यावरचा गंज घासून निघतो. पट्ट्या पुसायला साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मऊ कापड, लगेच कोरडं. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर पट्ट्यांना लावू नका, प्लास्टिकची चमक जाते आणि काही प्लास्टिकला चिरा पडतात.

पट्टी ओरडायला लागली तर आधी ती वीसतीस वेळा भराभर दाबून बघा, किरकोळ घाण कधीकधी तेवढ्यानेच सुटते. नाही सुटली तर उघडावाच लागतो. वॉरंटी असेल तर हात लावू नका. नसेल तर चांगला मोबाईल रिपेअरवाला धरा, त्याच्याकडे ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल असतंच, तो आयपीए म्हणतो. पट्ट्यांखालची रबराची पट्टी अलगद सोडवायची, बोर्डवरचे कार्बनचे ठसे आणि रबरातले ठिपके आयपीए लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसायचे, घासायचं नाही, कार्बनचा थर निघाला तर मग नवीन रबरच आणावं लागेल. पूर्ण वाळू द्यायचं. रबर परत बसवताना त्याची प्रत्येक खुंटी भोकात नीट गेली पाहिजे, एक जरी वर राहिली तरी तिथली पट्टी चुकीचा वेग दाखवणार. उघडायच्या आधी फोनवर फोटो काढा, स्क्रू कुठला कुठे ते कागदावर टोचून ठेवा. गंजरोधक तेलाचा स्प्रे मात्र आत मारू देऊ नका, तेल राहिलं की धूळ चिकटते आणि रबर फुगतं. माझा असाच दुरुस्त झाला, कुडाळला एकाकडे, दुपारभरात.

आता वाजवण्याकडे येते, कारण भजनात, नाटकात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यात जास्त भांडण होतं ते सुरावरून. पियानो कंपनीतून येतो तो मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झला लावून. पेटी मात्र कारागिराने लावलेली, वर्षांनुवर्षं वाजलेली, तिचे पितळी सूर ह्याच खाऱ्या हवेत जुने झालेले, ती ४४० वर असेलच असं नाही. बुवा पहिल्यांदा माझ्याबरोबर बसले तेव्हा म्हणाले, "माझ्या पेटयेचो नि तुझ्या ह्या मशिनचो सूर जुळणा नाय मां." फोनवर ट्यूनर अॅप लावलं, त्यांना भाता नेहमीसारखा मारून पांढरी सहा धरायला सांगितली, ४४४ आले. चार हर्ट्झ म्हणजे एका सुराच्या आणि शेजारच्या सुराच्या मधल्या अंतराचा साधारण सहावा भाग, कानाला चांगलंच टोचतं. पियानोच्या मेनूत मास्टर ट्यून असतं तिथे ४४४ केलं, झालं. पेटीने पियानोकडे यायचं नसतं, पियानोनेच पेटीकडे जायचं, कारण पेटी लावायला कानस आणि आठ दिवस लागतात आणि पियानोला दहा सेकंद. भाता नेहमीसारखा मारायला सांगते त्याचं कारण, जास्त हवा मारली की पेटीचा सूर जरासा उतरतो.

मास्टर ट्यून आणि ट्रान्सपोज ह्यात घोळ करू नका. ट्रान्सपोज गाण्याची अख्खी पट्टी (स्केल) सरकवतं, अधिक १ म्हणजे शेजारच्या एका सुराने वर. तुम्हाला पांढरी एकमधून हात बसलाय आणि गाणारा काळी एकमध्ये गातो तर ट्रान्सपोज अधिक १, काळी दोन असेल तर अधिक ३, पांढरी चार असेल तर अधिक ५. बायका बऱ्याचदा काळी चारमध्ये गातात, तिथे अधिक ८ न करता उणे ४ करा, म्हणजे आवाज किनरा होत नाही. कार्यक्रम संपला की शून्यावर आणा, नाहीतर पुढच्या वेळी पहिल्या स्वराला सगळा मंडप तुमच्याकडे बघणार. मी स्वतः ट्रान्सपोज कमीच वापरते, काळी एक आणि काळी दोनमधून हात बसवून घेतलाय, लाईट जाऊन आली की बऱ्याच पियानोंचं ट्रान्सपोज आपोआप शून्य होतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, बोटांत बसलेलं मात्र लाईट गेली तरी जात नाही.

गंधाराचं पण सांगते, कारण चांगल्या कानाच्या माणसाला तो खटकतोच. पियानोत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेत, प्रत्येक १०० सेंटचा. त्यामुळे शुद्ध गंधार ४०० सेंटवर बसतो, आणि तानपुऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ वर, म्हणजे पियानोचा १४ सेंटने चढा. बऱ्याच स्टेज पियानोत स्केल ट्यूनिंग किंवा टेंपरामेंट असं मेनूत असतं, तिथे एकेक सूर खालीवर करता येतो. पण सोबत पेटी वाजत असेल तर तिचा गंधार जसा असेल तसाच ठेवा. मी तर विलंबित अभंगात गंधारावर रेंगाळतच नाही, गाणाऱ्याला मोकळा सोडते.

मंडपात साउंडला जोडताना. आपल्याकडे मंडपात स्टिरिओ जवळजवळ नसतंच, सगळे बॉक्स एकाच सिग्नलवर. बहुतेक स्टेज पियानोतला आवाज म्हणजे खऱ्या ग्रँड पियानोचं रेकॉर्डिंग असतं, ते करताना दोन माईक लांब लांब लावलेले असतात, ते दोन्ही एकत्र केले की काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. म्हणून मागचा डावा जॅक, ज्यावर मोनो पण लिहिलेलं असतं, तेवढा एकच जोडा, आणि मेनूत मोनो पियानोचा आवाज असेल तर तो घ्या. साधी पी-३८ची (पाव इंची जाड पिनची) केबल पाचसहा मीटरच्या वर नेऊ नका, दिव्यांच्या माळांची घरघर त्यात शिरते. मिक्सर लांब असेल तर डीआय बॉक्स (लांब केबलमधून घरघर न येता सिग्नल नेणारा छोटा डबा) मधे घाला, चांगल्या साउंडवाल्याकडे असतो, नसला तर स्वतःचा घ्या. घूं असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, पण कुणी तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायला निघाला तर हात धरा, आवाजासाठी जीव धोक्यात घालायचा नाही. पियानोचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा आणि बाकी मिक्सरवर वाढवू द्या. चालू करताना आधी पियानो, मग मिक्सर, शेवटी अॅम्प, बंद करताना उलटं, नाहीतर तो ढप्प आवाज एखाद्या दिवशी स्पीकर घेऊन जाईल. आणि रिव्हर्ब बंद, मंडपाचा पत्राच पुरेसा घुमतो. डावा हात खालच्या सुरांत फार चालवू नका, पखवाजाचा घुमारा त्याच जागेत असतो आणि तिथे मृदंगमणी, म्हणजे पखवाजवालाच, राजा.

आता लाईट. हे मी सगळ्यात कळकळीने सांगते कारण एका जत्रेत मी डोळ्यांनी बघितलंय. मंडपाला थ्री फेज घेतलेली होती, कुठेतरी न्यूट्रलचं कनेक्शन ढिलं झालं, हॅलोजन एकदम झळाळले, साउंडवाल्याचा अॅम्प आणि दोन अॅडॉप्टर जळाले, सगळं दोन सेकंदात. न्यूट्रल तुटला की एका फेजवर २३० च्या जागी ४०० च्या आसपास येऊ शकतात. आपल्या अॅडॉप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, त्यापलीकडे तो तग धरत नाही. टेस्टर लावून दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, असं अजिबात नाही, टेस्टर फक्त फेज दाखवतो. पिवळं स्वस्तातलं मल्टिमीटर बॅगेत ठेवा, एसी ७५० वर लावा, फेज आणि न्यूट्रलमध्ये २२०-२४० दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये चारपाचच्या वर नको. तिथे वीसतीस दिसले तर वायरमनला बोलवा आणि तोपर्यंत वाद्य लावूच नका, आयोजक कितीही घाई करोत. मापायला स्वतःचा हात थरथरत असेल तर वायरमनकडूनच मापून घ्या, त्यात कमीपणा नाही.

जनरेटर आणि लाईन यांची अदलाबदल होते तेव्हा क्षणभर वीज जाते, पियानो बंद होऊन परत चालू व्हायला वेळ घेतो आणि तोवर गजर संपतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस मधे ठेवा. १२ व्होल्ट दीड अँपिअरचा अॅडॉप्टर म्हणजे जास्तीत जास्त १८ वॅट, तेवढ्याला छोटा यूपीएस आरामात पुरतो. अॅडॉप्टर हरवला म्हणून दुसऱ्याचा लावायचा झाला तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या आतला अधिक की बाहेरचा, त्याचं गोल चित्र अॅडॉप्टरवर आणि पियानोवर दोन्हीकडे छापलेलं असतं. ते उलटं असेल आणि पिन बसतेय म्हणून लावलं तर वाद्य मरू शकतं. माझ्या अॅडॉप्टरला मी लाल दोरा बांधलाय.

विजा चमकायला लागल्या, मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये, की नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग काढा, यूएसबी काढा, स्पीकरची केबल पण काढा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा दापोलीकडे माझ्या मावसबहिणीच्या गावात कित्येक दिवस लाईट नव्हती. तिचा कीबोर्ड ओल्या भिंतीजवळ बंद पडून होता, लाईट आल्या आल्या तिने आनंदाने चालू केला आणि आतली ओल शॉर्ट झाली. बराच काळ ओलीत राहिलेलं वाद्य आधी दोनतीन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवा आणि मगच वीज द्या. कोकम सरबत सांडलं तर ताबडतोब प्लग काढा, पालथा करा, पुसा, आणि चालू करून बघायचा मोह आवरा, आंबट गोड पाणी वाळल्यावर पण आत राहतं, तो उघडून साफच करावा लागतो.

एसी गाडीतून किंवा एसी हॉलमधून दमट हवेत आणलात की थंड वाद्यावर दव धरतं, आतून पण. बॅग बंदच ठेवून पाऊण तास थांबा. उन्हात बंद गाडीत ठेवू नका. रिक्षात नेताना पट्ट्या खाली करून उभा करू नका, मागची बाजू खाली. गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल उडायच्या आधी झाका, तो इतका बारीक असतो की पट्ट्यांच्या फटीतून थेट त्या रबरापर्यंत जातो, गेलाच तर फुंकू नका, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम. नारळ फोडणाऱ्यांना जरा लांब उभं करा. मुंग्यांसाठी स्प्रे पियानोवर मारू नका, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, फडताळाचे ठेवतो तसे.

पेडलची एक गोष्ट राहिली. नवीन पेडल लावलं आणि ते उलटं चालतंय, पाय उचलला की सूर लांबतोय, तर पेडल खराब नाही. काही पेडल दाबल्यावर सर्किट जोडतात, काही तोडतात, आणि पियानो चालू होताना पेडलची जी स्थिती असते तीच तो सुटलेली धरतो. म्हणून चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका. उलटं झालं तर बंद करा, पाय काढा, परत चालू करा. आणि पेडल सारखं दाबून धरलं की आधीचे सूर वाजतच राहतात, एका वेळी ६४ आवाजच काढू शकणारा पियानो असेल तर जुने सूर मधेच तुटायला लागतात, तोपण बिघाड नाही, हिशोब संपला एवढंच. बऱ्याच मॉडेलमध्ये अर्धा तास वाजवलं नाही की आपोआप बंद व्हायची सेटिंग असते, कीर्तनाच्या निरूपणात आपण गप्प बसतो आणि अभंगाच्या वेळी पियानो मेलेला असतो, ती पहिल्याच दिवशी मेनूत जाऊन बंद करा आणि कार्यक्रमाला निघताना परत एकदा बघा, कारण फॅक्टरी रिसेट केला की ती परत चालू होते.